दाराला निंब बांधला नाही

शनिवार, ८ मार्च

आज मुखवटा माळ्यावरून खाली काढला. सासरे गेल्यापासून तीन वर्षं तो गोधडीत गुंडाळून पडला होता, कारण तीन वर्षं गावात बोहाडाच झाला नाही. यंदा होतोय. रात्रभर एकेक देवाचं, राक्षसाचं सोंग संबळाच्या तालावर गावातून नाचत जातं आणि उजाडताना सगळ्यात शेवटी देवी निघते. देवीच्या सोंगाचा मान आमच्या घराचा. आधी सासरे नाचायचे, आता माझा नवरा सखा नाचणार. एरवी हा माणूस दिवसाला चार शब्द बोलला तर मी नशीब समजते. आज मुखवटा पुसताना चक्क गुणगुणत होता. मी चहा दिला तर म्हणाला, "ठेव, देवी बघते आहे." म्हटलं, देवीने चहा प्यायला कधी मनाई केली?

माझ्या पोरीला, वर्षीला, बुधवारपासून ताप आहे. डोळे लाल, नाक गळतंय, खोकला. आज वेणी घालताना कानामागे लाल बारीक पुरळ दिसलं, संध्याकाळपर्यंत तोंडावर आणि मानेवर उतरलं. घामोळं असणार. मार्चच्या सुरुवातीला आमच्याकडे पहाटे गोधडी सुटत नाही, तेव्हा घामोळं कुठून आलं ते विचारू नये. पण घामोळंच.

रविवार, ९ मार्च

सासूने सकाळी विचारलं, "पोरीच्या तोंडावर काय आलां?" मी म्हटलं, "घामोळं." म्हातारीचे डोळे अधू आहेत, त्यामुळे भागलं. नाहीतर तिने आजच दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला असता.

गोवर आला म्हणजे आमच्याकडे देवी आली म्हणतात. दाराला निंब लागतो. तो दिसला की परका माणूस उंबरा ओलांडत नाही, घरातलं पोर बाहेर खेळायला जात नाही, फोडणी बंद, मटण-मासळी बंद. आणि त्या घराला देवीचं सोंग घेता येत नाही. सासू म्हणते, एका घरात दोन देव्या नांदत नाहीत. मान मग पुढच्या घराला जातो, म्हणजे शेजारच्या नवशीच्या. एकदा गेलेला मान परत आल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

मी आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले आहे. डहाळा बांधून रोग जात नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. मग कशासाठी बांधायचा? पोरीचा ताप उतरतोय, खेळतेय, खातेय. सखानेसुद्धा किती मायेने सांगितलं, "तिला लांब बाह्यांचा झगा घाल, सकाळचं गार असतं." वर्षीला सांगून ठेवलं, अंगावर आलंय ते कोणाला दाखवत बसू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी कमूचा फोन आला. कमू म्हणजे माझी धाकटी जाऊ, दीर हेमंतची बायको. दोघं दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्यात तिच्या माहेरी, दाभोशाला राहतात. सासरे गेले तेव्हा हेमंत भट्टीवरून मातीलाही वेळेवर पोचला नाही. सखा तेव्हा चार लोकांत त्याला नको ते बोलला आणि त्यानंतर दोघा भावांत बोलणं नाही. पण सोंगाचं असं असतं की मुखवटा जड, समोरचं नीट दिसत नाही, नाचणाऱ्याच्या कमरेचा शेला मागून कोणीतरी धरावा लागतो. देवीचा शेला घरचाच माणूस धरतो. म्हणून परवा मीच हेमंतला निरोप धाडला होता, बोहाड्याला या म्हणून.

कमू म्हणाली, "बाय, आम्ही दाभोशाला जाणार व्हतो होळीला. पण तू ये म्हटलास तं येतोव. घरी पोरांसोरां बरी हायत ना? बारका अजून लहान हाय."

मी म्हटलं, "सगळं बरं आहे. ये तू."

घामोळं काही फोनवर सांगण्यासारखं नसतं.

मंगळवार, ११ मार्च

आली मंडळी. हेमंत वाळला आहे, पण जीपमधून उतरल्यापासून त्याचं हसू काही तोंडावरून उतरत नाही. सखाच्या पाया पडला. सखाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, जणू चटका बसला. सासू रडली. आमचे पुरुष असेच, भांडायला एक मिनिट आणि समेटाला तीन वर्षं.

त्यांचा मोठा काळ्या तीन वर्षांचा. बारका दिपेश सात महिन्यांचा, गुबगुबीत, कोणाकडेही झेपावतो. वर्षी तर काकूला सोडायलाच तयार नाही. तिच्या मांडीवर बसून कानात काय काय कुजबुजत होती. कमूने तेव्हा माझ्याकडे असं काही बघितलं, जसं काही मी तिची कोंबडी चोरली.

आणि मग नखरे सुरू. आत निजायला जागा करून दिली तर म्हणते, "आम्ही पडवीत निजतोव, पोराला आत उकडतां." पहाटे पडवीत दात वाजतात आणि हिला उकडतं. वर्षी बाळाला घ्यायला गेली तर पटकन उचलून घेतलं. भट्टीवर राहून माणसाला स्वतःच्या घराचा एवढा कमीपणा वाटावा? मी आपली गप्प बसले. पाहुण्यांचा मान ठेवावा लागतो.

वर्षीचं पुरळ काळपट पडत चाललं आहे. मी सांगत होते ना.

गुरुवार, २० मार्च

झोप नाही, पण आजचं लिहिलंच पाहिजे.

उजाडायला आलं आणि आमची देवी निघाली. पुढे टेंभे, संबळ, पिपाणी. सखा सखा राहिलाच नव्हता. हेमंतने मागून शेला असा धरला होता की दोघं मिळून एकच माणूस नाचतोय असं वाटावं. लोक म्हणाले, म्हातारा परत आला. सासूने पदर तोंडात कोंबला. मी पण रडले, का खोटं बोलू.

देवी अंगणात थांबली की बाया आपली लेकरं तिच्या पायाशी ठेवतात, देवी त्यांना ओलांडून जाते. नवशीने आपली सुकी ठेवली. दोन वर्षांची पोर, नवसाची. कमूने काळ्याला ठेवलं. बारक्याला ठेव म्हटलं तर म्हणाली, "नको, त्याला गर्दीत कशाला." पण सासूने तिच्या हातातून घेतला आणि ठेवलाच. देवी ओलांडून गेली, पोर हसलं.

होळीच्या आधी मनात थोडी धाकधूक होती ती आज पार गेली. सगळं निभावलं. वर्षीच्या अंगावर आता नुसता कोंडा आहे.

शनिवार, २२ मार्च

काळ्याला ताप. डोळे लाल, नाक वाहतंय. नवशी पाण्यावर भेटली, म्हणाली सुकीलाही रात्रीपासून तापलंय. बोहाड्याच्या जागरणाने होतं असं.

असं मी तिला म्हटलं.

सोमवार, २४ मार्च

काळ्याच्या कानामागे आलं. सुकीच्याही. वरच्या आळीत आणखी एका घरी.

या वेळी सासूला दिसलं. तिने कोणाला न विचारता निंबाचा डहाळा आणला आणि दाराला बांधला. मी चुलीपाशी बसून बघत राहिले. तो डहाळा दोन आठवड्यांपूर्वी बांधला असता तर कमू जीपमधून उतरलीच नसती. नवशीची सुकी रोज आमच्या अंगणात वर्षीबरोबर भांडी-भांडी खेळायची, ती आली नसती. रोग डहाळ्याने जात नाही, हे खरं. पण डहाळा रोग घालवायला नव्हताच बांधत. माणसं थांबवायला बांधत होते. बारावी शिकलेल्या बाईला हे आज कळलं. हसावं की रडावं.

दुपारी आशाताई प्रमिला आली. पोरांचे डोळे, तोंड बघितलं. काळ्याला भट्टीवर असल्याने एकही लस नाही. बारक्याला वय बसत नाही, गोवराची लस नऊ महिन्यांनंतर. वर्षीची दुसरी लस लॉकडाऊनमध्ये हुकली ती हुकलीच. प्रमिलाने विचारलं, "पहिलं कोणाला आलं?" मी भांडं घासत होते. घासत राहिले.

सासू म्हणाली, "हीच घेऊन आली भट्टीवरून. तिथं कुठली कुठली माणसां." कमूने मान वर केली. मला वाटलं आता बोलेल, आमच्या भट्टीवर कोणाला काही नव्हतं म्हणून. ती काळ्याचं अंग पुसत राहिली.

हे सगळं वर्षीला आलं कुठून? मागच्या महिन्यात जामसरला हळदीला गेलो होतो, तिथे पोरं खोकत होती. पण हे आता शोधून मी कोणावर ढकलणार आहे?

बुधवार, २६ मार्च

बारक्याला ताप आला.

शुक्रवार, २८ मार्च

गावात सगळीकडे हेच. भट्टीवाल्यांनी आणलं. हेमंत पाण्यावर गेला तर बाया हंडे उचलून बाजूला झाल्या. संध्याकाळी तो कमूवर ओरडला, "तूच म्हणत होतीस जाऊ म्हणून." तिने ऐकून घेतलं. सखा पडवीत बसून नुसता काथ्या वळत होता. त्याला एकदा सांगावं वाटलं. त्याच्याकडे गेले, तर म्हणाला, "भाकरी झाली का?" आणि माझ्याकडे न बघता उठून गेला. माणूस दमलाय. कशाला त्याच्या डोक्याला आणखी ताप.

मी सांगितलं तर काय होईल? मान जाईल. सखाला चार लोकांत खाली बघावं लागेल, देवी घरात असताना देवी नाचवली म्हणून. नाही सांगितलं तर काय होईल? कमूला बाया टाळतील. ती तशीही दिवाळीनंतर निघून जाते. असा हिशेब मी करते आहे. मीच. लिहून वाचलं की आपली आपल्याला किळस येते.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी नाही, गोड नाही.

काल सकाळी बारक्याचं पोट श्वासाबरोबर आत जायला लागलं. बरगड्यांखाली खड्डा पडायचा. दूध ओढेना. ओठ निळसर. मी म्हटलं जव्हारला न्या. सासू दारात आडवी झाली. "देवी अंगावर असताना पोर उंबऱ्याबाहेर काढायचा नाय. सुई टोचली तं देवी कोपते. बुध्याबाबाला बोलवा." बुध्याबाबा गावचा भगत. तो अंगणात येऊन उभा राहिला, पोराकडे लांबूनच बघितलं आणि सासूला म्हणाला, "सुकरी, बाजूला हो. हे माझ्या हातातला नाय." त्याचे मी उपकार मानते.

तरी सासू हलेना. मग मी कमूच्या हातातून पोर घेतलं आणि म्हातारीच्या पायांवरून ओलांडून निघाले. आजवर मी तिला उलटून बोलले नव्हते, काल तिला ओलांडलं. सखाने जीपवाल्याला आधीच फोन केला होता, हे मला जीपमध्ये बसल्यावर कळलं.

सरकारी दवाखान्यात पोराला लगेच ऑक्सिजन लावला. छातीत न्यूमोनिया आहे. जिभेवर अ जीवनसत्त्वाचे थेंब टाकले, तसेच काळ्यालाही द्यायला सांगितले. डॉक्टरबाई तरुण आहे, चिडचिडी नाही. तिने विचारलं, "घरात आधी कोणाला होतं?" कमू म्हणाली, "माझ्या मोठ्याला." मी शेजारी उभी होते.

मंगळवार, १ एप्रिल

पोर अजून नळीवरच. कमूच्या छातीतून दूध काढून नाकातल्या नळीने देतात. ती वाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते. मी तिच्या पाठीला पाठ लावून बसते, म्हणजे लोकांना दिसायला नको आणि तिला टेकायला मिळेल.

आज मी देवीला सांगितलं, माझी वर्षी घे पण हे पोर सोड. लगेच जीभ चावली. मग वाटलं, बघ, असं आहे तुझं. तुझं पोर वाचावं म्हणून नाही, तुझा मुखवटा वाचावा म्हणून तू दुसऱ्याचं पोर टांगणीला लावलंस, आणि आता द्यायची वेळ आली तर जीभ चावतेस.

जेवण जात नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला न खाताच खवखवतंय.

गुरुवार, ३ एप्रिल

आज बारक्याची नळी काढली. छातीला लावलं तर ओढलं. आधी दोनदा दमून सोडलं, मग ओढलं. कमूने माझा हात धरला आणि सोडेचना. बाकीच्या बायांना सांगत होती, "माझ्या जावेनं वाचवला. सासूला ओलांडून आणला." बाया माझ्याकडे असं बघत होत्या की तोंड लपवायला जागा नाही. एकीने तर माझ्या पायाला हात लावला. मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुवत राहिले.

आता सांगायचंच. घरी गेलं की सांगायचं.

रविवार, ६ एप्रिल

काल घरी आलो. सांगितलं नाही.

काळ्या बरा आहे, हडकुळा झाला आहे. सुकी अजून उठत नाही, तिच्या एका कानातून पू येतोय. प्रमिलाने नवशीला समजावून सुकीला दवाखान्यात नेलं होतं, औषध चालू आहे.

आज पंच बसले. आमच्याकडे देवी निघून जायच्या वेळी तिला दहीभात देऊन गावाबाहेर पोचवतात. त्याआधी, जिने देवी गावात आणली तिने ज्या ज्या घरी पोरं पडली तिथल्या उंबऱ्यावर डोकं टेकायचं, सुपात धान्य मागायचं आणि त्याचा भात देवीला द्यायचा. मंगळवारी कमूने हे करायचं असं ठरलं. हेमंत म्हणाला, "करील." सखा म्हणाला, "पोराला पाजणारी बाई आहे, अंगात रक्त नाही, राहू द्या." पंच म्हणाले, "मग कोण करील?"

सखा गप्प बसला. मी दाराआड उभी होते. पुढे आले नाही.

सोमवार, ७ एप्रिल

सांगितलं. गावाला नाही, कमूला.

ती पडवीत बारक्याला पाजत बसली होती. मी समोर बसले आणि एका दमात म्हटलं, "कमू, तुझ्याबरोबर काही आलं नाही. तू यायच्या आधीपासून वर्षीला गोवर होता. मला कळलं होतं. मी झाकलं."

ती पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"आलो त्याच दिशी वर्षीनं सांगलां. म्हणं काकू, माझ्या आंगावर लाल लाल आलां, आय म्हणं कोणाला दाखवू नको."

म्हणजे ते पडवीत निजणं, ते बाळ उचलून घेणं, ते माझ्याकडे बघणं. आणि मी इथे बसून तिच्या नखऱ्यांबद्दल लिहीत होते.

"मग तेव्हाच का नाही निघून गेलीस? दाभोशाला जायचं."

"दाभोशाला भावजय हाय. तीन पावसाळे तिच्या दारात काढले, तिचा तोंड बघत. इथून कोणी ये म्हटला नाय. या साली तू म्हटलास. हेमंत जीपमध्ये बसल्यापासून हसत व्हता, तू बघलास ना? त्याला काय सांगू, परत फीर?" तिने पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. "म्हटलां पडवीत निजू. वारा असतो. पोरां लांब ठेवू. बोहाडा झाला की जाऊ. मला बी घरात राहायचा व्हता, बाय. मी त्याची आय हाय आन् मला कळत व्हतां, तरी राहिलंय."

ती रडली नाही. मीच रडले. तिने थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाली, "उंबरे मी करतंय उद्या. तू काय बोलू नको. दादाचा मान राहू दे. फकस्त त्यांना सांग, या दिवाळीनंतर आम्हाला भट्टीवर जायचा नाय. मागल्या अंगाला खोली काढून राहू. हेमंत त्यांच्याबरोबर शेती करील."

मी हो म्हणाले. आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. कोणीतरी आपलं ओझं घेऊन चाललंय आणि वर आपल्यालाच रस्ता विचारतंय, असं हलकं.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी कमू न्हाली, ओल्या केसांनी, अनवाणी, हातात सूप घेऊन निघाली. मागे सगळी बायामाणसं. बारका माझ्या कडेवर. पहिल्या घरी तिने उंबऱ्यावर डोकं टेकलं, घरवालीने मूठभर तांदूळ सुपात घातले. दुसऱ्या घरी तसंच. तिथून उठताना तिचा तोल गेला आणि तिने भिंत धरली.

मग नवशीचं घर. सुकी ओटीवर पडलेली, कानात कापूस. कमू वाकली तर नवशीने पाय आडवा घातला. म्हणाली, "माझ्या उंबऱ्याला लागू नको. भट्टीवरची घाण आणलीस, माझी पोर बहिरी झाली तं तू देशील का तुझा कान?" कमू वाकलेलीच राहिली. बारका माझ्या कानाशी झोंबत होता, त्याला माझं कानातलं हवं होतं.

मी म्हटलं, "नवशी, तिनं नाही आणलं."

माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. मी सगळं सांगितलं. होळीच्या आधी वर्षीला होतं, मी घामोळं म्हटलं, निंब बांधला नाही, सुकी आमच्या अंगणात खेळायची तेव्हाही बोलले नाही. मान जाईल म्हणून. बारक्याला सासूकडे दिलं आणि कमूच्या शेजारी उंबऱ्यावर डोकं टेकलं. शेणाने सारवलेला, थंडगार होता. नवशीने पाय काढला नाही. माझं कपाळ तिच्या पायालाच लागलं.

तिने धान्य घातलं नाही. एवढंच म्हणाली, "देवी घरात, आन् वर सोंग नाचवलांत."

मी हो म्हटलं.

वर बघितलं तर सखा गर्दीत नव्हता. थोड्या वेळाने आला, हातात गोधडीत गुंडाळलेला मुखवटा. कोणी मागितला नव्हता. त्याने तो नवशीच्या ओटीवर ठेवला, सुकीच्या शेजारी, आणि माझ्याकडे न बघता शेताकडे निघून गेला. हेमंत त्याच्या मागून गेला.

बुधवार, ९ एप्रिल

सखा जेवला. बोलला नाही. सासू माझ्या हातचं पाणी घेत नाही, वर्षीकडून मागते. हे होणार होतंच. मान गेल्याचं दुःख मला वाटेल असं वाटलं होतं, ते अजून आलेलं नाही. कदाचित उशिरा येईल.

पण कमू कालपासून माझ्याशी बोलत नव्हती, त्याने मी हैराण झाले. वाटलं होतं, ती तरी बरं म्हणेल. संध्याकाळी ती पडवीत कपड्यांच्या घड्या घालत होती. काळ्याचे, बारक्याचे, हेमंतचे, वेगवेगळे गठ्ठे. मी विचारलं, "रागावलीस?"

"तुला हलका व्हायचा व्हता," ती म्हणाली. "झालीस. मला राहायचा व्हता. मी एक गोष्ट मागली व्हती बाय, ती बी तुझ्यासाठी मोडलीस. आता दादा कुठल्या तोंडानं हेमंतला राह म्हणतील? मान बी गेला आन् घर बी."

मी हे अजिबात विचारात घेतलं नव्हतं. काल उंबऱ्यावर डोकं टेकताना मला वाटत होतं, मी हे कमूसाठी करते आहे. लाज वाटायचीसुद्धा एक मजा असते, ती मी घेत होते की काय कोण जाणे.

मी तशीच उठले आणि सखाकडे गेले. तो गोठ्यात होता. म्हटलं, "हेमंत आणि कमू आता इथेच राहणार. मागच्या बाजूला खोली काढायची, पावसाच्या आत."

तो म्हणाला, "आता तू सांगणार?"

"हो. मीच सांगणार. मी बोलवलं होतं त्यांना."

तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "कुडाला कारवी आणायला हेमंतला घेऊन जाईन." आणि मग, माझ्याकडे पाठ करून, "लांब बाह्यांचा झगा मीच घालायला सांगितला होता." एवढं बोलून पाणी आणायला निघून गेला. मला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. पुरळ त्यालाही तेव्हाच दिसलं होतं.

परत पडवीत आले. कमूच्या घड्या संपल्या होत्या. मी म्हटलं, "तेव्हा तुला ये म्हटलं, ते मुखवट्यासाठी म्हटलं होतं. हेमंतने शेला धरावा म्हणून. तुझ्यासाठी नव्हतं. आता राहा म्हणते, ते तुझ्यासाठी म्हणते."

तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं नाही, पण मऊही नाही.

"ते दिवाळीनंतर कळंल," ती म्हणाली. मग बारक्याला उचलून माझ्या मांडीत ठेवलं, रिकामा हंडा घेतला आणि विहिरीवर गेली.